सेल्फ बदलताय? आधी या चुका टाळा: स्पोर्ट्स कारच्या स्टार्टर मोटरची निवड आणि बसवणी

'खराब' म्हणून गाडीतून काढलेली स्टार्टर मोटर वाइसमध्ये आवळायची, थेट बॅटरीला जोडायची आणि ती झोकात फिरताना बघत बसायचं. हा अनुभव ज्याने घेतलाय, त्याला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. चार तास गाडीखाली आडवं पडून, एक्झॉस्टला कोपर भाजून, वरचा न दिसणारा बोल्ट बोटांनी चाचपत सोडवून जी वस्तू बाहेर आणली, तिचा मुळात काही गुन्हाच नव्हता. गुन्हेगार होती अर्थिंगची एक गंजकी पट्टी. माझ्याकडून हे एकदा झालंय, आणि त्या दिवसापासून मल्टिमीटर हातात घेतल्याशिवाय मी पाना उचलत नाही.

साध्या गाडीत अशी चूक तासाभरात निस्तरता येते. स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन खाली बसवलेलं, जागा चिंचोळी आणि एक्झॉस्ट अगदी अंगाला लागून. शेव्हर्ले कॉर्व्हेटच्या १९९० ते १९९५ या काळातल्या झेडआर-१ मध्ये तर सेल्फ इनटेकच्या खाली, सिलिंडरच्या दोन ओळींमधल्या घळीत दडवलेला आहे. तिथे हात पोचायचा तर आधी वरचं सगळं इनटेक उतरवावं लागतं. दुसरी अडचण याहून मोठी आहे. या गाड्या कारखान्यातून निघाल्या तशा क्वचितच राहतात. आधीच्या मालकाने फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचं जड चाक, ज्याच्या दातेरी रिंगला सेल्फ फिरवतो) हलकं केलेलं असतं, त्याच्या आधीच्याने हेडर्स, म्हणजे एक्झॉस्टचे बदललेले पाइप, बसवलेले असतात, कुणी गिअरबॉक्सच दुसऱ्या गाडीचा आणलेला असतो. त्यामुळे कागदावर गाडी कोणती आहे ते थोडं बाजूला ठेवा आणि प्रत्यक्ष गाडीत काय बसलंय ते बघा. पुढच्या बहुतेक चुका हे न केल्यामुळेच होतात.

निदानाआधीच ऑर्डर

सेल्फ ही साखळीतली शेवटची कडी. तिच्या आधी बॅटरी, टर्मिनल, जाड केबल, इंजिन आणि बॉडीमधलं अर्थिंग, इग्निशन स्विच, रिले, क्लचचा किंवा ऑटोमॅटिकमधला न्यूट्रलचा स्विच, आणि अलीकडच्या गाड्यांत चोरी रोखणारा इमोबिलायझर. यातलं काहीही कच्चं असलं तरी तक्रार एकच ऐकू येते: सेल्फ घेत नाही.

बॅटरीपासून सुरुवात करा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. पण एवढ्यावर तिला पास करू नका. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. मीटरच्या टोकण्या थेट बॅटरीच्या खांबांवर धरा; सेल्फ मारताना आकडा ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर संशय आधी बॅटरीवर घ्यायचा. वजन वाचवण्यासाठी कुणी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी टाकली असेल तर हा हिशेब बदलतो. ती भरलेली असताना १३.२-१३.३ व्होल्ट दाखवते. तिच्यात १२.६ दिसले आणि तुम्ही 'बॅटरी ठणठणीत' म्हणालात, तर ती जवळपास रिकामी आहे हे तुमच्या लक्षातच येणार नाही.

यानंतरची चाचणी बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात जास्त पैसे तीच वाचवते. केबलमध्ये किती व्होल्ट गळतात ते मोजायचं. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंधन पंपाचा किंवा इग्निशनचा फ्यूज काढा, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटरची लाल टोकणी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, काळी सेल्फवरच्या जाड केबलच्या बोल्टवर. एखाद्याला सेल्फ मारायला सांगा. या सगळ्या वाटेत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गळती नको. मग बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि सेल्फची बॉडी यांच्यात मोजा, इथे ०.२-०.३ व्होल्टच्या वर गेलं की अर्थिंगमध्ये दुखणं आहे. टोकणी खांबावरच ठेवा, टर्मिनलच्या पट्टीवर नको. कारण बऱ्याचदा गंज नेमका त्या दोघांच्या मधेच असतो.

बॅटरी डिकीत हलवलेल्या गाड्यांमध्ये तर ही चाचणी केलीच पाहिजे. वजनाचा समतोल साधायला बॅटरी मागे नेतात आणि केबल मात्र हाताला लागेल ती ओढतात. तांब्याच्या १६ चौरस मिलिमीटर केबलचा रोध मीटरला साधारण १.१ मिलिओहम. चार मीटर केबल आणि २०० अँपिअर धरले तर जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच संपतात. तीच केबल ३५ चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.४, आणि ५० ची घेतली तर ०.३ च्याही आत. पातळ केबलवाल्या गाडीत कितीही भारी सेल्फ लावा, तो उपाशीच राहणार.

अर्थिंगचं एक लक्षण लक्षात ठेवण्यासारखं आहे. क्लचचं काम झाल्यावर किंवा इंजिन उतरवून चढवल्यावर इंजिन आणि बॉडीमधली पट्टी लावायची राहून जाते. मग २००-३०० अँपिअर करंट दुसरी वाट शोधतो आणि बिचाऱ्या अॅक्सिलरेटरच्या किंवा गिअरच्या केबलमधून जातो. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर यातली एखादी केबल हाताला गरम लागली, तर मोटरला हात लावू नका. पट्टी शोधा.

आता उरली बारीक वायर, म्हणजे चावीकडून सोलेनॉइडला (सेल्फवरच्या विजेच्या चुंबकी स्विचला) 'उठ' सांगणारी. जर्मन खुणांमध्ये हे टर्मिनल ५०, आणि बॅटरीकडून येणारं जाड टर्मिनल ३०. चावी फिरवलेली असताना ५० वर बॅटरीपेक्षा दीड-दोन व्होल्ट कमी मिळत असतील, तर दोष स्विच, रिले किंवा त्या वायरीत आहे. काहीच मिळत नसेल तर क्लच स्विच तपासा. पेडलखालचा एवढासा रबरी तुकडा झिजून पडल्याने स्विच दाबला न जाणं आणि त्यापायी सेल्फ बदलला जाणं, असंही घडतं.

आवाज न ऐकता अंदाज बांधणं

आजारी सेल्फ बरंच बोलतो. टकटकटक असा भराभर आवाज येत असेल तर बहुधा व्होल्टेज अपुरं आहे. सोलेनॉइड आत ओढलं जातं, मुख्य कॉन्टॅक्ट जुळतात, त्या ओझ्याने बॅटरी बसते, सोलेनॉइड सुटतं, व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि सगळं पहिल्यापासून. एकच भक्कम 'टक्' आणि पुढे काही नाही, पण दिवे मंद झाले नाहीत, तर कॉन्टॅक्ट जळालेत किंवा कार्बन ब्रश संपलेत. तोच 'टक्' येऊन दिवे मात्र पार मंदावले, तर मोटर जाम आहे नाहीतर इंजिनच फिरत नाही. अशा वेळी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरतं का ते आधी बघा. सिलिंडरमध्ये पाणी किंवा पेट्रोल भरलेल्या इंजिनाला सेल्फने जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि मग सेल्फचा खर्च किरकोळ वाटायला लागतो.

मोटर गरगर फिरतेय पण इंजिन हलत नाही, याचा अर्थ पिनियन, म्हणजे फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकणारं सेल्फचं छोटं दातेरी चाक, पुढे जात नाही किंवा त्यातला एकाच दिशेने पकडणारा क्लच घसरतोय. गॅरेजात या सगळ्या जुडग्याला सरसकट 'बेंडिक्स' म्हणतात. त्या क्लचवर काय बेततं याचा अंदाज घ्या. पिनियनला दहा दाते, फ्लायव्हीलच्या रिंगला १३०, म्हणजे तेरापट. इंजिन सुरू होऊन ३००० फेऱ्यांवर गेलं आणि तरी चावी सोडली नाही, तर पिनियन मिनिटाला ३९ हजार फेऱ्यांनी फिरतं. तो क्लच मधे नसता तर आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या भागाच्या, चिंध्या झाल्या असत्या.

करकर आवाज आला की लोक नवा सेल्फ आणतात आणि महिन्याभरात पुन्हा करकर ऐकतात. दाते फक्त पिनियनचेच झिजत नाहीत. इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे ठरावीक जागीच थांबतं. चार सिलिंडरच्या इंजिनात अशा जागा दोन असतात, सहामध्ये तीन, आठमध्ये चार. पिनियन नेहमी त्याच जागी आदळतं आणि रिंग तिथेच खाल्ली जाते. सेल्फ काढलाच आहे, तर त्या भोकातून टॉर्च मारा आणि इंजिन हाताने पूर्ण एक फेरी फिरवून प्रत्येक दाता बघा. दात्यांची टोकं तिरकी किंवा तुटलेली दिसली तर नवं पिनियन त्यावर चढवणं म्हणजे नवे बूट घालून काचांवर चालणं.

आणखी एक सवय सोडा: हातोडी. अडकलेल्या ब्रशला टकटक करून एकदा घरापर्यंत पोचणं ठीक आहे. पण परमनंट मॅग्नेटच्या मोटरमध्ये आतली चुंबकं ठिसूळ असतात. जोरात ठोकलं की त्यांना तडा जातो आणि मग मोटर खरोखरच मरते.

गरम झाल्यावर रुसणारी गाडी

हे या जातीच्या गाड्यांचं खास दुखणं. सकाळी पहिल्या झटक्याला सुरू. अर्धा तास चालवून पेट्रोल भरायला थांबलात, की नुसती 'टक्'. वीस मिनिटं थांबलात, की पुन्हा काही झालंच नाही अशी सुरू.

यात जादू काही नाही. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. हेडर्सच्या शेजारी बसलेलं सोलेनॉइड २० वरून १२० अंशांवर गेलं, तर त्याच्या वेटोळ्याचा रोध जवळपास ३९ टक्के वाढला, म्हणजे त्यात जाणारा करंट पाव भागाहून जास्त घटला. त्यात मागे इंजिन असलेल्या जुन्या गाड्यांमध्ये चावीची वायर पुढून मागे लांबलचक फिरून येते, आणि तिच्या प्रत्येक जोडात थोडं थोडं व्होल्टेज मुरतं. गार असताना सोलेनॉइड कसंबसं ओढलं जातं, गरम झाल्यावर नाही.

इथली चूक म्हणजे लगेच नवा सेल्फ लावणं. नवं वेटोळं काही दिवस निभावून नेतं, मग पुन्हा तेच. गाडी गरम असताना, रुसलेली असताना, टर्मिनल ५० वरचं व्होल्टेज मोजा. कमी असेल तर सेल्फजवळ एक रिले बसवा: चावीची वायर फक्त रिले उठवेल आणि सोलेनॉइडला ताकद जाड केबलपासून थेट मिळेल. जुन्या एअर-कूल्ड पोर्शे आणि फोक्सवॅगनवाल्यांमध्ये हा उपाय वर्षानुवर्षं चालत आलाय. पूर्ण व्होल्टेज पोचूनही सोलेनॉइड ढिम्म असेल, तर मात्र सेल्फ बदला आणि सोबत उष्णतेचा पत्राही लावा. कारखान्याने दिलेला पत्रा आधीच्या मालकाने हेडर्स बसवताना फेकून दिलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

फक्त मॉडेल आणि वर्ष बघून सेल्फ मागवणं

आता निवड. विक्रेत्याच्या यादीत गाडीचं नाव, वर्ष, इंजिन टाकलं की एक नंबर येतो. गाडी कोरी असेल तर तो नंबर बरोबर असतो. नसेल तर आधी दाते मोजा.

शेव्हर्लेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ चं उदाहरण यासाठी उत्तम. कॉर्व्हेट, कॅमॅरो आणि किती तरी हौशी बांधणीच्या गाड्यांत हे इंजिन आहे. त्याला दोन मापांची फ्लायव्हील येतात: १५३ दात्यांचं, पावणेतेरा इंच व्यासाचं, आणि १६८ दात्यांचं, १४ इंचाचं. लहान रिंगच्या सेल्फची बोल्टची भोकं एका सरळ रेषेत, मोठ्याची तिरपी. मागच्या मालकाने फ्लायव्हील बदललं असेल, तर गाडीच्या वर्षावरून आलेला सेल्फ निरुपयोगी. जुन्या एअर-कूल्ड फोक्सवॅगनमध्ये ६ व्होल्टच्या फ्लायव्हीलला १०९ दाते आणि १२ व्होल्टच्याला १३०, तिथेही हीच गंमत. हलकं अॅल्युमिनियमचं फ्लायव्हील असेल तर त्यावरची पोलादी रिंग वेगळी बसवलेली असते. तिचे दाते आणि तिची खोली दोन्ही तपासा. मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गाडीचा सेल्फ एकच असेल, हेही गृहीत धरू नका.

पिनियन कसं पुढे जातं, तेही बघावं लागतं. ब्रिटिश एमजीबीच्या सुरुवातीच्या गाड्यांत इनर्शिया पद्धतीचा सेल्फ होता: मोटर फिरली की पिनियन झटक्याने आट्यांवरून सरकतं. १९६७ च्या अखेरीस आलेल्या मार्क टू पासून सोलेनॉइडने आधी पिनियन सरकवून मग मोटर फिरवणारा सेल्फ आला. दोन्हींची रिंगशी गाठ पडण्याची बाजू आणि रीत वेगळी. इंजिनं आणि फ्लायव्हील इकडची तिकडे झालेल्या गाड्यांत यावरून बराच गोंधळ होतो.

जुन्या ब्रिटिश गाड्यांचा आणखी एक सापळा आहे, आणि तो मला फार आवडतो, कारण त्यात सगळं बरोबर करूनही माणूस फसतो. १९६७ पर्यंतच्या एमजीबी आणि ३.८ लिटरच्या सुरुवातीच्या जॅग्वार ई-टाइप यांमध्ये बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब बॉडीला जोडलेला असतो. त्यांच्या मूळ सेल्फमध्ये चुंबकांऐवजी वेटोळी असतात, आणि करंट उलटा केला तरी वेटोळी आणि आर्मेचर दोन्हींची दिशा एकदमच उलटते. म्हणून मोटर फिरायची त्याच दिशेने फिरते. तिला पोलॅरिटीशी देणंघेणं नाही. आता त्या जागी आधुनिक परमनंट मॅग्नेटचा सेल्फ लावा. चुंबकाची दिशा काही बदलत नाही, त्यामुळे मोटर चक्क उलटी फिरते. एकाच दिशेने पकडणारा क्लच सुटा राहतो आणि मोटर नुसती गरगरते. मालक म्हणतो नवा सेल्फ खराब निघाला, विक्रेता म्हणतो आमच्या टेबलावर तर उत्तम चालतो. दोघंही खरं बोलत असतात.

दिशेचा प्रश्न इंजिन अदलाबदलीतही येतो. एक सेल्फ रिंगच्या इंजिनाच्या बाजूने बसतो, दुसरा गिअरबॉक्सच्या बाजूने. इंजिन त्याच दिशेने फिरवायचं असलं तरी दोन्ही मोटरींची तोंडं समोरासमोर, म्हणजे फिरण्याची दिशा उलट. मधे इंजिन असलेल्या गाडीला वेगळा गिअरबॉक्स जोडताना हे हमखास विसरलं जातं.

गिअर रिडक्शनच्या सेल्फबद्दल मात्र माझं मत चांगलं आहे. यात छोटी मोटर जास्त वेगाने फिरते आणि आतल्या गिअरमधून वेग तीन-चार पट कमी होऊन जोर वाढतो. आकार लहान, वजन कमी, म्हणून एक्झॉस्टपासून दोन बोटं जास्त अंतर मिळतं. डॅटसन २४०झेडला पुढच्या २८०झेडएक्सचा असा सेल्फ लावणं हा त्या गाडीच्या चाहत्यांचा जुना, सिद्ध झालेला बदल आहे. पण किलोवॅटच्या आकड्यामागे धावू नका. कॉम्प्रेशन वाढवलेलं असेल, इंजिन मोठं केलं असेल तर जास्त ताकद लागते, हे खरं. साध्या इंजिनाला उगाच मोठा सेल्फ लावला तर तो बॅटरीवर आणि केबलवर जास्त भार टाकतो आणि रिंगवर जास्त जोराने आदळतो. रोटरी इंजिनाची गोष्ट वेगळी. तिथे सेल्फचा वेगच कळीचा असतो. हळू फिरलं की प्लग पेट्रोलने ओले होतात, आणि म्हणूनच माझदाने आरएक्स-८ ला नंतर जास्त जोमदार सेल्फ दिला.

सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाडीला साधा सेल्फ लावणं ही उघड चूक आहे. तो बसेल आणि चालेलही, पण दिवसाला पन्नास वेळा फिरण्यासाठी तो बनवलेलाच नसतो.

नवा की दुरुस्त केलेला? माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही: तुमचा स्वतःचा मूळ सेल्फ चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून ब्रश, बुश आणि कॉन्टॅक्ट बदलून घेणं हा बऱ्याचदा सगळ्यात शहाणा पर्याय असतो. जपानी गाड्यांतल्या डेन्सो सेल्फमध्ये तर अनेकदा फक्त सोलेनॉइडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट झिजलेले असतात, आणि ते सुटे मिळतात. 'रिबिल्ट' असं लिहिलेल्या खोक्यात काय असेल याचा नेम नाही. काहींमध्ये सगळं नवं असतं, काहींमध्ये फक्त रंग.

काढताना

बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडवा. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि 'एकच तर बोल्ट आहे' म्हणून टाळलंही जातं. सेल्फवरच्या जाड केबलला मधे फ्यूज नसतो. पाना एकाच वेळी तिला आणि बॉडीला टेकला तर तो तिथेच वेल्डिंग होऊन बसतो, आणि हातात अंगठी असेल तर पुढचं सांगवत नाही. मात्र केबल सोडण्याआधी एक गोष्ट बघा. पोर्शे ९९७ सारख्या गाडीत बॅटरी पुढच्या झाकणाखाली आहे आणि झाकणाची कडी विजेवर चालते. बॅटरी सोडून झाकण बंद केलं की बसा बाहेर. फ्रेम नसलेल्या काचांच्या दाराचंही तसंच. वीज नसेल तर दार उघडताना काच खाली सरकत नाही आणि रबरावर घासते. काचा आधीच थोड्या खाली घेऊन ठेवा.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. सेल्फच्या बोल्टशी झुंजताना गाडी हलते.

वायरींचे फोटो काढा. काही गाड्यांत सेल्फचे बोल्ट गिअरबॉक्सही धरून ठेवतात आणि त्यांची लांबी वेगवेगळी असते. कुठला कुठून निघाला ते पुठ्ठ्यावर भोकं पाडून त्यात खोचून ठेवा. एअर-कूल्ड फोक्सवॅगन घराण्यात सेल्फच्या दांड्याचं पुढचं टोक गिअरबॉक्सच्या घरातल्या छोट्या पितळी बुशमध्ये फिरतं. सेल्फ बदलून तो बुश तसाच ठेवला, तर नवा दांडाही जुन्यासारखाच डुगडुगतो.

बसवताना

नवी मोटर खोक्यातून काढून थेट गाडीखाली नेऊ नका. जुन्या-नव्या शेजारी ठेवा. पिनियनचे दाते मोजा, पिनियनचा व्यास, विश्रांतीच्या जागेपासून माउंटिंगच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, भोकं, सोलेनॉइड कोणत्या कोनात आहे, सगळं ताडून बघा. मग वाइसमध्ये घट्ट धरून दोन-तीन सेकंद फिरवून बघा. हातात धरून नव्हे. सुरू होताना ती जो झटका देते त्याने मनगट मुरगळतं.

सेल्फचं अर्थिंग त्याच्या बॉडीतून होतं. रंगवलेल्या किंवा पावडर कोटिंग केलेल्या गिअरबॉक्सवर चकचकीत नवा सेल्फ बसवला की मधे रंगाचा थर राहतो. सुंदर दिसणारी, नव्याने बांधलेली गाडी सेल्फ घेत नाही त्याचं हे एक सर्रास कारण. दोन्ही पृष्ठभाग धातू दिसेपर्यंत साफ करा.

बोल्ट हाताने आटे धरेपर्यंत पान्याला हात लावू नका. समोर बहुतेक वेळा अॅल्युमिनियम असतं, आणि त्यातले आटे गेले की एका तासाचं काम आठवड्यावर जातं. स्मॉल-ब्लॉक शेव्हर्लेला तर बोल्टच्या अंगावर खरखरीत नक्षी असते. सेल्फ नेमक्या जागी बसवण्याचं काम तीच करते. त्याऐवजी दुकानातला साधा बोल्ट लावला तर सेल्फ किंचित सरकतो आणि दाते वाकडे भिडतात.

याच इंजिनांत पिनियन आणि रिंगमधलं अंतर पातळ पत्र्यांनी, म्हणजे शिमने, जुळवावं लागतं. कान तयार असेल तर निदान सोपं आहे. सेल्फ फिरत असताना, इंजिन पकडण्याआधी, बारीक किंचाळी ऐकू आली तर अंतर जास्त आहे. इंजिन पकडल्यावर, चावी सोडताना ती आली तर अंतर कमी आहे. खोक्यात आलेले सगळे शिम 'आलेत तर लावू' म्हणून लावणारे बरेच भेटतात. आधी एकही न लावता बघा.

सोलेनॉइडवरचे नट तांब्याच्या बोल्टवर बसतात आणि तो बोल्ट प्लॅस्टिकच्या टोपीत रोवलेला असतो. जोर लावला की टोपीला तडा जातो किंवा बोल्ट आतल्या आत फिरतो. ढिला ठेवला तर तिथे उष्णता तयार होऊन टर्मिनल काळं पडतं. आतला नट एका पान्याने धरायचा, बाहेरचा दुसऱ्याने बेताने आवळायचा. केबलचं टोक वळून बॉडीला किंवा एक्झॉस्टला टेकत नाही ना, हे बोल्ट आवळल्यावर पुन्हा बघा, कारण आवळताना ते फिरतं.

जुन्या अमेरिकन गाड्यांत दोन वायरी लोकांना चकवतात. पॉइंट इग्निशनच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांमध्ये सोलेनॉइडवर 'आर' नावाचं टर्मिनल असतं. सेल्फ मारताना ते इग्निशन कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट देतं. नव्या छोट्या सेल्फवर हे टर्मिनल नसेल आणि ती वायर लोंबकळत सोडली, तर इंजिन सेल्फ मारताना पकडत नाही आणि चावी सोडल्या क्षणी मात्र पकडतं. हे लक्षण दिसलं की कार्ब्युरेटर उघडू नका. दुसरी गोष्ट जुन्या फोर्ड मस्टँगची. तिथे सोलेनॉइडचं काम करणारा रिले वेगळा, फेंडरवर असतो. नवा परमनंट मॅग्नेटचा सेल्फ आणला की त्याच्या जाड टर्मिनलवरून बारीक टर्मिनलला छोटी वायर जोडून जुन्या रिलेवरच काम भागवायचा मोह होतो. मग चावी सोडल्यावर फिरती मोटर स्वतःच जनरेटर बनते, सोलेनॉइड धरून ठेवते आणि पिनियन उशिरा सुटतं. बारीक टर्मिनलला रिलेच्या चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या, सेल्फकडच्या बाजूने स्वतंत्र वायर न्या आणि जाड केबल थेट बॅटरीच्या बाजूला जोडा.

पहिल्याच दिवशी मोटर जाळणं

चार्ल्स केटरिंगने १९१२ च्या कॅडिलॅकसाठी विजेचा सेल्फ बनवला तेव्हा त्याची खरी चलाखी हीच होती: सतत चालायची गरज नसेल, तर छोट्या मोटरवर थोडा वेळ तिच्या कुवतीबाहेरचं ओझं टाकता येतं. आजचा सेल्फही त्याच उसन्या वेळावर जगतो. दहा सेकंदांपेक्षा जास्त सलग फिरवू नका, आणि मधे निदान अर्धा मिनिट जाऊ द्या. नव्याने बांधलेलं इंजिन, रिकामी इंधन लाइन, चुकलेलं टायमिंग अशा वेळी माणूस चावी धरून बसतो आणि नवी मोटर तासाभरात जुनी होते. आधी पंपाने लाइन भरून घ्या.

इंजिन सुरू झालं की सुरुवातीच्या चाचण्या पुन्हा करा: सेल्फ मारताना बॅटरीवरचं व्होल्टेज, पॉझिटिव्ह बाजूची गळती, अर्थिंगची गळती. आकडे लिहून ठेवा. दोन वर्षांनी काही बिघडलं तर तुलनेला उपयोगी पडतील. मग गाडी अर्धा तास नीट तापेपर्यंत चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सेल्फ मारा. इंजिन बंद केल्यावर वाहता वारा थांबतो आणि एक्झॉस्टची उष्णता सेल्फमध्ये मुरत राहते, त्यामुळे सगळ्यात कठीण वेळ हीच. गार इंजिनावरची यशस्वी चाचणी इथे काहीच सांगत नाही. शंभरेक किलोमीटर झाल्यावर सेल्फचे बोल्ट आणि केबलचे नट पुन्हा एकदा तपासा, अर्थात बॅटरी सोडवून.

आणि जुनी मोटर परत देऊन अनामत घ्यायची घाई करू नका. नवी मोटर गरम इंजिनावरची चाचणी पास होईपर्यंत जुनीला कोपऱ्यात राहू द्या. नवी चुकीची निघाली तर दाते मोजायला आणि भोकं ताडायला तुमच्याकडे तेवढा एकच नमुना आहे.